सही तुमची, आकडा कुणाचा?

वाचकाचा प्रश्न

आठ महिन्यांपूर्वी एका ख्रिस्ती सेवासंस्थेत संचालक म्हणून रुजू झालेल्या वाचकाचं हे पत्र. संस्था मुलांचं वसतिगृह, शिकवणीवर्ग आणि एक छोटा दवाखाना चालवते. या वाचकाचा बाप्तिस्मा ज्या पाळकांनी केला, तेच संस्थेचे अध्यक्ष. विश्वस्तांपैकी निम्मे त्यांच्या नात्यातले. देणगीदारांना जाणाऱ्या अहवालाच्या मसुद्यात लाभार्थी मुलांची संख्या ४१२ आहे. वाचकाने स्वतः मोजली तेव्हा ती २६० भरली. मुलींच्या नव्या खोल्यांसाठी आलेली देणगी वर्षभर पगारात जाते आहे. हजेरीपट चाळताना २५ डिसेंबरलाही सगळी मुलं हजर दिसली, आणि त्या दिवशी वसतिगृहाला कुलूप होतं. 'मी अजून नवीन आहे' म्हणून दोन तिमाही अहवालांवर त्यांनी सही करून टाकली. आता महिनाअखेर वार्षिक अहवालावर सही करायची आहे. पत्नी म्हणते, राजीनामा द्या. प्रार्थनागटातले मित्र म्हणतात, देवाने तुम्हाला एस्तेरसारखं अशा प्रसंगासाठीच तिथे ठेवलंय, टिकून राहा. अध्यक्ष म्हणतात, घरातलं बाहेर गेलं तर देवाचं काम बंद पडेल. शिवाय अभिषिक्तावर, म्हणजे देवाने नेमलेल्या माणसावर, हात टाकायचा नसतो. वाचक विचारतात: राहू की जाऊ?

उत्तर

तुमचं पत्र चार पानी आहे. 'राहू की जाऊ' हा प्रश्न त्यात सात वेळा आलाय, मी मोजला. 'अहवालाचं काय करू' हा एकदाही नाही. तुमची अडचण मला तिथेच दिसते. राहायचं की जायचं हे ठरवायला कदाचित सहा महिने लागतील. अहवालावर सही मात्र या महिन्यात करायची आहे, आणि ४१२ वर सही केलीत तर नंतर राहिलात काय नि गेलात काय, फरक पडत नाही.

आधी तुमच्या मनावरचं एक ओझं उतरवते. बिघडलेल्या ठिकाणी नोकरी करणं हेच पाप, असं पवित्र शास्त्र कुठे म्हणत नाही. ओबद्या इस्राएलचा दुष्ट राजा अहाब याच्या राजवाड्याचा कारभारी होता. अहाबाच्या! अहाबाची राणी ईजबेल देवाच्या संदेष्ट्यांना मारत सुटली तेव्हा याने शंभर जणांना पन्नास-पन्नास करून गुहांमध्ये लपवलं आणि अन्नपाणी पुरवलं. कुष्ठरोग बरा झाल्यावर अरामी सेनापती नामानाने संदेष्टा अलीशाला विचारलं, माझा धनी माझ्या हातावर टेकून रिम्मोन दैवताच्या देवळात वाकतो तेव्हा मलाही वाकावं लागतं, त्याची क्षमा होईल ना? अलीशाने त्याला भाषण दिलं नाही, शांतीने जा म्हणाला. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आले, शिपाई आले. योहान काही मवाळ माणूस नव्हता, तरी नोकरी सोडा असं तो त्यांना म्हणाला नाही. ठरवून दिलंय त्याहून जास्त घेऊ नका, कुणाला धाकदपटशा करू नका, खोटे आरोप करू नका, आपल्या पगारात समाधान माना, एवढंच. म्हणजे नोकरी करा, पण या-या गोष्टी तुमच्या हातून होऊ देऊ नका.

दानीएलाचं मला नेहमी नवल वाटतं. बाबेलमध्ये बंदी म्हणून नेलेल्या या यहूदी तरुणाने परक्या दैवतावरून ठेवलेलं नाव चालवून घेतलं, तिथली विद्या शिकला, राजाची चाकरीही केली. आणि अडून बसला तो ताटावर: राजाच्या घरचं अन्न खाणार नाही म्हणाला. बाहेरून बघणाऱ्याला ही रेघ विचित्रच वाटेल. पण ती त्याने आधीच मनाशी ठरवलेली होती, ताट समोर आल्यावर नव्हे. आणि ठरवल्यावर त्याने आरडाओरडा केला नाही; आधी अधिकाऱ्याला विचारलं, तो घाबरला तेव्हा कारभाऱ्याकडे गेला आणि दहा दिवस साधी भाजी देऊन बघा, मग ठरवा म्हणाला. ठाम नकार, आणि त्याच्याच जोडीला समोरच्याला मान्य करता येईल असा पर्याय. तुमच्या परिस्थितीत तुमचं ताट म्हणजे तुमची सही.

आता एस्तेर, पारसाची यहूदी राणी. तिच्या लोकांच्या कत्तलीचा हुकूम निघाला तेव्हा तिच्या नात्यातल्या मर्दखयाने तिला राजाकडे जायला सांगितलं; तुमचे मित्र त्याचं अर्धंच वाक्य सांगताहेत. 'अशा प्रसंगासाठीच' हे शब्द येतात त्याच्या आधी मर्दखय म्हणतो, तू या वेळी गप्प राहिलीस तर सुटका दुसरीकडून होईलच. एस्तेर राजवाड्यात होतीच, तिने तिथे 'टिकून' राहावं हा मुद्दाच नव्हता. तिने तोंड उघडावं, हा होता. आणि 'दुसरीकडून' हा शब्द तुमच्यासारख्या माणसाने जरा जास्त वेळ वाचावा. पत्रात तुम्ही लिहिलंय, 'मी गेलो तर या मुलांचं कोण?' कळकळ खरी आहे, शंका नाही. पण याच वाक्याच्या आधारावर माणसं वीस-वीस वर्षं खोट्या कागदांवर सह्या करत राहिलेली मी पाहिली आहेत. तुमच्यावाचून देवाचं अडत नाही. हे ऐकायला कडू लागेल, पण त्याने खांदे हलके होतात.

अभिषिक्ताचं तर मला हसूच आलं, माफ करा. हे वचन इतक्या बैठकांमध्ये इतक्या जणांना गप्प करायला वापरलेलं ऐकलंय! पण ती गोष्ट पुढे वाचा. राजा शौल दावीदाच्या जिवावर उठला होता, तरी दावीदाने त्या अभिषिक्तावर हात टाकला नाही, खरं. पण गुहेत हाती लागलेल्या शौलाच्या झग्याचा काठ त्याने कापून घेतला, गुहेबाहेर येऊन सगळ्यांदेखत हाक मारली आणि तो काठ उंच धरून दाखवला. म्हणजे पुराव्यासकट जाहीर बोलला. 'परमेश्वर तुझ्यामाझ्यामध्ये न्याय करो' असंही म्हणाला. आणि त्यानंतर शौल रडला, तरी दावीद त्याच्या घरी राहायला परत गेला नाही. हात न टाकणं म्हणजे तोंड शिवून घेणं नव्हे. तुम्ही अध्यक्षांचा अपमान करू नका, त्यांच्या पाठीमागे टिंगल करू नका, सूड उगवू नका. झग्याचा काठ मात्र हातात असू द्या.

तो काठ म्हणजे तुमच्या नोंदी. एक वही घ्या. स्वतःच्या डोळ्यांनी काय पाहिलं ते एका पानावर, दुसऱ्याकडून काय ऐकलं ते दुसऱ्यावर, आणि त्यावरून काय अंदाज बांधलात ते तिसऱ्यावर. तारखा घाला. पहिलं पान तुम्हाला वाटतं त्यापेक्षा लहान निघेल, तिसरं बरंच मोठं. बैठकीत फक्त पहिल्या पानावरून बोलायचं. मूळ कागद कचेरीतच राहू द्या. मुलांची नावं, आजारपणं, फोटो असं काही घरी नेऊ नका. कोणत्या कागदाची प्रत ठेवता येते, हे तुमच्या ओळखीच्या नव्हे तर अनोळखी वकिलाला विचारा.

मग स्वतःच्या त्या दोन सह्या. पत्रात तुम्ही त्या एका ओळीत उरकल्या आहेत, आणि बाकीच्या चार पानांत तुम्ही स्वच्छ आहात नि घर मळलेलं आहे. तसं नाहीये. मला यातलं थोडं कळतं, कारण मी एका संस्थेची खजिनदार होते तेव्हा गावाला जाण्याआधी कोऱ्या धनादेशांवर सह्या करून ठेवायची. काम अडू नये म्हणून! पुढे त्यातल्या एकावर असं नाव पडलं, जे पडायला नको होतं. चौकशी झाली तेव्हा सही माझी होती, आणि 'माझा हेतू चांगला होता' हे वाक्य सही पुसायला अजिबात उपयोगी पडलं नाही. तेव्हा येशूला भेटलेल्या जकातदार जक्कयाकडून घ्या: त्याने आधी स्वतःचा हिशेब मांडला, इतर जकातदारांचा नव्हे. विश्वस्त मंडळाला एक छोटं पत्र लिहा. अमुक दोन अहवालांतले आकडे मी न तपासता सही केली, तपासल्यावर ते चुकीचे आढळले, दुरुस्त आकडे जोडले आहेत, ते देणगीदारांना कळवावेत. कुणावरही आरोप नाही, फक्त आपली चूक. अशा पत्राला उत्तर देणं फार अवघड जातं.

हे पत्र पाठवण्याआधी मात्र एक काम राहिलंय. ४१२ कुठून आले, ते शोधा. सेवासंस्थांमध्ये आकडा फुगतो तो दर वेळी चोरीच्या बुद्धीने नाही. वसतिगृहात राहणारी मुलगी संध्याकाळी शिकवणीलाही बसते, तापली तर दवाखान्यातही जाते. तीन विभागांनी आपापली यादी दिली आणि कुणीतरी बेरीज केली की एकीच्या तीन झाल्या. शाळा सोडून गेलेली मुलं यादीतून काढायची राहतात. आणि गेल्या वर्षीचा आकडा मोठा असला की यंदाचा लहान दाखवायला कुणाचाच हात धजत नाही, कारण देणगीदारालाही वाढच बघायला आवडते. तसं निघालं तर 'मुलं २६०, दिलेल्या सेवा ४१२' असा खरा अहवाल लिहिता येईल, आणि अध्यक्षांना मान खाली न घालता बाहेर पडायला वाट मिळेल. २५ डिसेंबरच्या हजेरीला मात्र असं काही उत्तर असेल असं मला वाटत नाही. ती बसून भरलेली आहे.

अध्यक्षांशी बोला, पण मत्तयाच्या अठराव्या अध्यायाच्या आडून तुम्हाला कुणी बांधून घालत असेल तर सावध राहा. भावाने तुझा अपराध केला तर एकांतात जा, मग दोघंतिघं साक्षीला घे, मग मंडळीला सांग, अशी ती पायरी आहे. इथे अपराध तुमचा झालेला नाही. ज्यांनी खोल्यांसाठी पैसे दिले त्यांचा आणि ज्या मुलींना खोल्या मिळाल्या नाहीत त्यांचा झालाय. तुम्ही त्यांच्या वतीने परस्पर क्षमा करून विषय मिटवू शकत नाही. तरी आधी समोरासमोर बोलणं हा साधा चांगुलपणा आहे. छोटं बोला. 'हजेरीपटावरून मुलं २६० येतात. मी २६० वर सही करेन, ४१२ वर करणार नाही. फरक कसा समजावून सांगायचा ते आपण बसून लिहू.' त्यापुढे लांबण लावू नका. ज्यांनी बाप्तिस्मा केला त्यांच्यासमोर आपण बोलत सुटलो की शेवटी आपणच माफी मागून येतो. त्याच संध्याकाळी काय बोलणं झालं ते चार ओळींत त्यांना लिहून पाठवा.

खोल्यांच्या पैशांचं कोडं त्यामानाने सोपं आहे, आणि याबद्दल मला बरीच पत्रं येतात म्हणून जरा थांबून सांगते. विशिष्ट कामासाठी दिलेली देणगी ही संस्थेची मोकळी मालमत्ता नसते. ती पगारात घातली की सगळे म्हणतात, तात्पुरती उचल आहे, पुढचा हप्ता आला की भरून काढू. अमेरिकन गुन्हेशास्त्रज्ञ डोनाल्ड क्रेसी यांनी १९५० च्या दशकात अफरातफरीसाठी शिक्षा झालेल्या माणसांशी बोलून जे मांडलं, त्यात हेच होतं: विश्वासाच्या जागेवरचा माणूस, कुणाला सांगता न येणारी अडचण, आणि 'मी चोरत नाही, उसने घेतोय' ही स्वतःची समजूत. तुमचे अध्यक्ष बहुधा घरी पैसा नेत नसतील. पगार थकले हे कुणाला सांगायची लाज वाटली असेल. उपाय असा की देणगीदाराला लिहायचं: पगार थकले होते, तुमचे पैसे आम्ही न विचारता वापरले, इतके वापरले, परत कसे भरणार त्याचं वेळापत्रक हे, किंवा तुमची परवानगी असेल तर वापर बदलून द्या. यावर देणगीदार पुष्कळदा ऐकतात. ऐकत नाहीत तेव्हा पैसे परत मागतात, तीही त्यांची हक्काची गोष्ट आहे. प्रेषित पौलाने यरुशलेमसाठी गोळा केलेली वर्गणी नेताना मंडळ्यांनी, म्हणजे तिथल्या चर्चनी, निवडलेला माणूस सोबत घेतला. एवढ्या मोठ्या रकमेबद्दल आपल्याला कुणी नाव ठेवू नये, आणि प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्या दृष्टीनेही व्यवहार नीट दिसावा, असं त्याने करिंथकरांना स्वतः कळवलं. पौलाला सोबत लागते, तर आपण कोण?

विश्वस्तांच्या बैठकीत लढाईच्या आवेशात जाऊ नका. तुमचा स्वतःचा प्रवासखर्च, गाडी, फोन, सगळी बिलं आधी टेबलावर ठेवा आणि दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या. नहेम्या बारा वर्षं यहूदाचा सुभेदार होता आणि सुभेदाराचा भत्ता त्याने घेतला नाही, म्हणून गरिबांना नाडणाऱ्या सावकारांना तो तोंडावर बोलू शकला. मग एखादा असा विश्वस्त शोधा ज्याला आतून हे पटत नाही पण बोलायचं धैर्य होत नाही. असा एक जण जवळपास प्रत्येक मंडळात असतो. त्याला शूरवीर बनवू नका, फक्त एक प्रश्न विचारायला सांगा. येशूला धरायला निघालेल्या यहुदी न्यायसभेत निकदेमाने तेवढंच केलं होतं: माणसाचं ऐकून घेतल्याशिवाय आपलं नियमशास्त्र त्याला दोषी ठरवतं का? तसा तुमच्याकडचा प्रश्न म्हणजे 'बाहेरच्या लेखापरीक्षकाने हे आकडे पाहिलेत का?' आणि तरीही ठराव बहुमताने झाला, तर तुमचा विरोध इतिवृत्तात नोंदवून घ्या, नाही नोंदवला तर दुसऱ्या दिवशी लेखी कळवा. अरिमथाईचा योसेफ येशूला दोषी ठरवणाऱ्या त्याच सभेचा सभासद होता, पण त्यांच्या निर्णयाला त्याची संमती नव्हती, हे लूकने आवर्जून लिहून ठेवलंय.

'देवाचं काम बंद पडेल' याला मी नुसतं वचन देऊन उत्तर देणार नाही. बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांनी इतरांबरोबर एकत्र राहावं म्हणून ज्याँ व्हानिए यांनी १९६४ साली फ्रान्समध्ये लार्शची सुरुवात केली. जिवंतपणीच लोक त्यांना संत मानत. २०१९ मध्ये ते वारले, आणि २०२० च्या फेब्रुवारीत लार्शनेच बाहेरच्यांकडून करवून घेतलेल्या चौकशीचे निष्कर्ष जाहीर केले: व्हानिए यांनी सहा स्त्रियांचं शोषण केलं होतं. संस्था तिथेही थांबली नाही. २०२३ च्या दुसऱ्या अहवालात ही संख्या किमान २५ निघाली. संस्थापकाच्या नावावर उभी असलेली संस्था स्वतःच हे सांगते, याची किंमत काय असेल विचार करा. घरं मात्र चालू आहेत. काम बंद पडलं नाही. पडला तो एका माणसाचा पुतळा.

आणि यावरून एक महत्त्वाचं. आकड्यांच्या मागे लागला असताना कुठल्याही मुलाला मारहाण, लैंगिक त्रास किंवा उपासमार झाल्याचं कानावर आलं, तर हे वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवा. त्यात एकांतातली भेट नाही, विश्वस्तांची बैठक नाही, प्रार्थना करून थोडं थांबू नाही. त्याच दिवशी बाहेरच्या यंत्रणेकडे जायचं. संस्थेच्या आत चौकशी करत बसलात तर पुरावा जातो आणि मूल घाबरतं.

आता तुमच्या पत्नींचं. त्यांना तुम्ही पत्रात दोनदा 'भित्री' म्हटलंय. मला त्या घरातल्या सगळ्यांत शहाण्या वाटल्या. तुम्हाला रात्री झोप नाही, हे त्या आठ महिने बघताहेत. त्यांच्याबरोबर बसून एक तारीख ठरवा, म्हणजे या तारखेपर्यंत खरा अहवाल गेला नाही, बाहेरचा लेखापरीक्षक नेमला गेला नाही, तर मी निघणार. तारीख लिहून ठेवा, कारण अशा ठिकाणी माणूस एकदम बिघडत नाही, अंगवळणी पडत जातो. पहिल्या तिमाहीत हात थरथरतो, चौथीत आपणच नव्या माणसाला समजावतो की इथे असंच असतं. दरम्यान काही महिन्यांचा घरखर्च बाजूला पडेल असं बघा. खिशात काही नसलेल्या माणसाला ठाम राहणं दुप्पट जड जातं, हा श्रद्धेचा अभाव नव्हे. आणि निघायची वेळ आलीच तर राजीनाम्यात 'वैयक्तिक कारणास्तव' लिहू नका. ते शेवटचं खोटं होईल. मी अमुक आकड्यांवर सही करू शकत नाही म्हणून जातो, इतकं पुरे. गप्प राहण्याच्या अटीवर काही रक्कम देऊ केली तर वकिलाला दाखवल्याशिवाय त्या कागदाला हात लावू नका.

शेवटी पत्रातल्या एका माणसाबद्दल, ज्याच्यावर तुम्ही दीड ओळ खर्च केलीये: हजेरीपट भरणारा कारकून. 'त्याला काढून टाकावं लागेल' असं तुम्ही सहज लिहून गेलात. थांबा. २५ डिसेंबरची हजेरी त्याने स्वतःच्या मनाने भरली असेल असं तुम्हाला खरंच वाटतं? साफसफाई सुरू झाली की बहुतेक वेळा आधी अशाच माणसाचा बळी जातो, आणि वरचे सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. अध्यक्षांकडे जाण्याआधी त्याच्याकडे जा, दार उघडं ठेवून बसा, आणि हे त्याला कोणी सांगितलं ते विचारू नका. इतकंच सांगा की उद्यापासून जितकी मुलं डोळ्यांसमोर असतील तितकीच लिहायची, आणि कुणी जास्त लिहायला सांगितलं तर त्यांना माझ्याकडे पाठवायचं. मग सकाळी प्रार्थनेनंतर मुलं मोजायला स्वतः त्याच्याबरोबर उभे राहा. मोजून होईल तेव्हा त्या पानावर त्याच्या सहीखाली तुमचीही सही करा.